टंगळमंगळ

“काय टंगळमंगळ चालवलीय मघापासून?” हा प्रश्न मराठी घरात बहुतेक वेळा दुसऱ्या खोलीतून येतो. विचारणाऱ्याला आपण दिसत नसतो, तरी त्याला सगळं कळलेलं असतं. कशावरून? आवाजावरून. माणूस कामात गढला की खोलीला एक शांतता येते. झोपला की निराळी शांतता येते. आणि या दोन्हींच्या मधे खुर्ची सरकते, कप्पा उघडून मिटतो, तांब्यातलं पाणी फुलपात्रात पडतं, पुन्हा खुर्ची सरकते. हे तुटक आवाज स्वयंपाकघरातल्या बाईला भिंतीपलीकडून नेमके ऐकू येतात, आणि तिच्या तोंडी हाच शब्द येतो. आळस हा शब्द तिला सुचत नाही.

शब्दाचा अर्थ सांगायच्या आधी त्याची चाल ऐकावी. टंगळ म्हणजे सुटं काही नाही. मंगळाचा ग्रहाशी किंवा वाराशी संबंध नाही, तो नुसता टंगळच्या मागून निघालेला आहे. तीन अक्षरं, आणि त्यांच्याच वजनाची आणखी तीन. घाईत म्हणायला गेलं तरी हा शब्द घाईत म्हणता येत नाही. ट ठसक्यात उठतो, अनुस्वारावर आवाज टेकतो आणि ळवर जीभ मागे वळते, तेही दोनदा. आळस, कंटाळा, टाळाटाळ, अळंटळं, रेंगाळणं, घुटमळणं, वेळकाढूपणा, ढिसाळपणा, या साऱ्या घराण्यात ळ ठाण मांडून बसलेला आहे. पळण्यातही तो आहेच, तेव्हा याचा नियम करता यायचा नाही. पण कान ज्याला आहे त्याला हे घराणं ओळखू येतं.

घराणं एक असलं तरी माणसं वेगळी आहेत, आणि मराठीनं त्यांना वेगळी ठेवलं आहे याचा मला फार आनंद वाटतो. आळशी माणूस उठतच नाही. कंटाळलेला माणूस उठलेला असतो, कामही करून झालेलं असतं, आणि आता त्याच्यात ते आणखी मावत नसतं. चालढकल करणारा काम उद्यावर ढकलतो. म्हणजे आज ते करायचं नाही एवढं तरी त्याचं ठरलेलं असतं. टाळाटाळ करणाऱ्यासमोर दुसरं कुणीतरी उभं असतं, पैसे मागणारं किंवा उत्तर मागणारं. हयगयीत काम होतं पण त्याची कदर होत नाही. कुचराईत कामाचा एखादा तुकडा मुद्दाम मागे राखला जातो. टंगळमंगळीत मात्र माणूस कामापाशी बसलेला असतो, साधनं मांडलेली असतात, सुरुवात झालेली असते, कामाला नकार दिलेला नसतो आणि होकारही दिलेला नसतो. आळसाचा एक पाय कामात आणि कामाचा एक पाय आळसात, अशी ती अवस्था आहे.

आणि ती स्वस्थ नसते. ज्यांनी तिला आळसाच्या रांगेत बसवलं त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलेलं नाही, असं माझं मत आहे. गृहपाठाला बसलेलं एखादं आठ-नऊ वर्षांचं मूल जवळ बसून बघावं. वही उघडून झाली, तारीख घातली, तारखेखाली पट्टीनं रेघ मारली. रेघ जरा वाकडी गेली म्हणून खोडली. खोडरबराचे काळे कण फुंकले, मग तळहातानं झाडले, मग त्यातलेच दोन-चार गोळा करून बोटांत वळून बघितले. पेन्सिलीचं टोक चांगलं होतं तरी काढलं. सोललेली साल मोडू न देता सबंध काढायचा प्रयत्न केला, मोडली, पुन्हा एकदा केला. पाणी प्यायला उठलं. येताना खिडकीत थांबलं. बसल्यावर लक्षात आलं की मांडी बदलायला हवी. या अर्ध्या तासात त्या मुलाचे हात क्षणभर रिकामे नव्हते. दमणूकसुद्धा झाली, डोळे मिटायला लागले. कागदावर तारीख आणि रेघ.

त्याच वर्गातलं दुसरं मूल पाहा. त्याला बेचा पाढा पाच वेळा लिहून आणायचा आहे. ते आधी वरपासून खालपर्यंत सगळे ‘बे’ लिहून काढतं. मग त्यांच्यापुढे एके, दुणे, त्रिक अशी दुसरी उभी रांग. मग उत्तरांची तिसरी. पाढा म्हणून त्याच्या डोक्यात काहीच जात नाही, पण पान दहा मिनिटांत भरतं आणि ते खेळायला पळतं. याला मराठीत पाट्या टाकणं म्हणतात. बांधकामावर माती, वाळू, खडी पाटीत भरून इथून उचलायची आणि तिथे नेऊन रिकामी करायची, त्यातून हा वाक्प्रचार आलेला दिसतो. पाट्या टाकणाऱ्याचं मन कामात नसतं, पण काम संपतं. टंगळमंगळ करणाऱ्याचं काम संपतच नाही. आणि पाट्या टाकणाऱ्याला संध्याकाळ मिळते. टंगळमंगळ करणाऱ्याची संध्याकाळही त्याच वहीपाशी जाते. या दोघांत मला पाट्या टाकणाऱ्याची काळजी कमी वाटते.

समर्थ रामदासांनी दासबोधात आळसावर कोरडे ओढलेले सगळ्यांना माहीत आहेत. अठराव्या दशकात करंट्याची परीक्षा आहे, एकोणिसाव्यात पुन्हा करंटलक्षण आहे. पण मला या बाबतीत त्यांचे दुसरे दोन समास जास्त मोलाचे वाटतात. एक अठराव्या दशकातला निद्रेचा. जांभया देणारी, घोरणारी, झोपेत बरळणारी, या कुशीवरून त्या कुशीवर होणारी माणसं त्यांनी अशी रंगवली आहेत की रात्री धर्मशाळेच्या ओसरीवरून कुणी कंदील घेऊन फिरतं आहे असं वाटावं. झोपेकडे इतक्या बारकाईनं बघणारा माणूस विश्रांतीचा वैरी असेल असं मी मानत नाही.

दुसरा समास एकोणिसाव्या दशकाचा पहिला, लेखनक्रियेचा. ग्रंथ कसा लिहावा, म्हणजे हातानं कसा उतरवावा, हे त्यात सांगितलं आहे. अक्षर वाटोळं असावं, सरळ असावं, सुटं असावं, शाई काळीभोर असावी. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत जात राहावं, सगळं एकाच टाकानं लिहिलं आहे असं वाटावं. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते आपल्याच कामी येत नाही. पोथ्या हातानं उतरवून घ्यायचा तो काळ. एक ग्रंथ उतरवायला महिनोन्‌महिने लागत. पहिल्या पानावर कुणाचंही अक्षर चांगलं येतं. दोनशेव्या पानावर, दुपारी, डास चावत असताना, ते तसंच यायला हवं ही समर्थांची अट आहे. शाळेत शुद्धलेखनाचं पान लिहिणाऱ्या प्रत्येकाला ती अट कशासाठी आहे ते कळेल. वरच्या चार ओळी वळणदार, मधल्या ओळीत वेलांट्या आखूड, खालच्या ओळीत शिरोरेघा घसरलेल्या. मन पानावरून नेमकं कुठे उठून गेलं ते बोट ठेवून दाखवता येतं. टंगळमंगळीचा एवढा चोख पुरावा दुसऱ्या कुठल्या कामात राहत नसेल.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक, अठरा अध्यायांना अठरा रविवार. चौदाव्या अध्यायाच्या प्रवचनात ते तमोगुणाकडे वळतात आणि आळसावर शरीरश्रम हा उपाय सांगतात. मग रजोगुण येतो. हे करू की ते करू अशी धावपळ करणाऱ्या त्या वृत्तीला ते स्वधर्माची मर्यादा घालतात, म्हणजे आपल्या वाट्याच्या कामात स्थिर राहायला सांगतात. ते प्रवचन वाचताना मला नेहमी वाटतं की टंगळमंगळ या दोन गुणांच्या हद्दीवर राहते. आतून ती तमोगुणी आहे, तिला काम नको आहे. वरून ती रजोगुणी आहे, तिचे हात हलत राहतात. म्हणून नुसतं ‘ऊठ, हातपाय हलव’ सांगून ती जात नाही. त्या मुलाचे हातपाय हलतच आहेत. त्याला एका जागी बसायला सांगावं तर तेही उपयोगाचं नाही, कारण ते वहीपाशीच बसलेलं आहे. दोन्ही औषधं एकदम द्यावी लागतात, आणि ते फार कमी वडीलधाऱ्यांना जमतं.

ती प्रवचनं साने गुरुजी समोर बसून टिपून घेत होते, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ आपल्या हातात आहे. बोलणाऱ्याचा ओघ लिहिणाऱ्याच्या टाकासाठी थांबत नाही. एका रविवारी टाक रेंगाळला असता तर एक अध्याय कायमचा गेला असता. दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचं मला असंच वाटतं. १९३२ ते १९३८, सात वर्षांत सात विभाग. एकेक शब्द, त्याचे अर्थ, त्याची उदाहरणं, सगळं हातानं लिहिलेलं आणि खिळे जुळवून छापलेलं. टंगळमंगळ हा शब्द ज्यांनी कोशात नोंदवला त्यांना ती करायला सवड मिळाली नसणार.

हा शब्द कुणी कुणाला म्हणायचा याचीही एक रीत आहे, आणि तिथे माझं मन अडतं. आई मुलाला म्हणते. मास्तर विद्यार्थ्याला म्हणतात. पूर्वी सासू सुनेला म्हणायची, मुकादम मजुराला म्हणायचा, आणि अजूनही म्हणतात. सुनेनं सासूला किंवा मजुरानं मालकाला तो म्हटलेला मी ऐकलेला नाही. वरच्यांसाठी भाषेनं दुसरे शब्द राखून ठेवले आहेत. कोर्टात विलंब होतो. प्रकरण प्रलंबित असतं. सरकारी कचेरीत दिरंगाई होते. त्या दिरंगाईवर तर महाराष्ट्रात २००५ सालचा कायदाही आहे. नाव लांबलचक असल्यानं लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, असं तो सांगतो. कायदा चांगला आहे, दाखल्यासाठी खेटे घातलेल्या माणसाला तो हवाच होता. पण कायद्याला दिवस मोजता येतात. सहाव्या दिवशी फाईलवर ‘अभिप्रायार्थ सादर’ असं लिहून ती शेजारच्या टेबलावर सरकवली, की दिवस नव्यानं मोजायचे. फाईल हलते आहे, शेरे वाढताहेत, जावक क्रमांक पडताहेत, आणि एखाद्या म्हातारीचं पेन्शन जिथल्या तिथे आहे. या प्रकाराला दिरंगाई म्हणणं म्हणजे त्याला उगाच मान देणं आहे. त्याला घरातलाच शब्द लावायला हवा, आणि तो लावायचा अधिकार खिडकीबाहेर उभ्या असलेल्या त्या म्हातारीला हवा.

उलट, जिथे तो शब्द सहज फेकला जातो तिथे पुष्कळदा टंगळमंगळ नसतेच. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलाव खणायला, रस्त्यांवर माती टाकायला गेली. त्यात बायका फार होत्या. उन्हात, अर्धपोटी, कडेवरचं मूल सावलीला निजवून घण किंवा हातोडा उचलणारी बाई दोन घावांच्या मधे थांबते. हजेरीपट घेऊन फिरणाऱ्याला त्या थांबण्यात कामचुकारपणा दिसतो. ती दम राखत असते. सकाळी सगळी ताकद खर्च करून टाकली तर दुपारनंतर हात उठणार नाही, आणि उद्याही यायचं आहे, हा हिशेब तिच्या अंगाला पाठ असतो. तिचं सावकाश चालणं पुरतं कामात असतं. शेतकऱ्याला हा फरक बैलांत अचूक कळतो. म्हातारा बैल हळू चालतो पण जू सरळ राहतं. अंगचोर बैल अर्धं पाऊल मागे राहतो, जू तिरकं होतं आणि सगळा भार जोडीदाराच्या खांद्यावर जातो. चाल दोघांचीही मंदच. आसूड मात्र कुणावर उगारायचा नाही हे चांगला शेतकरी जाणतो.

आणि ज्याला ‘नाही’ म्हणायची सोयच नाही त्यानं काय करायचं? पाढे लिहिणार नाही असं मूल म्हणू शकत नाही. घरात सतरा माणसांची भांडी पडलेली असताना सून ‘आज मी घासणार नाही’ म्हणू शकत नव्हती. नको असलेल्या शाखेत वडिलांनी घातलेला मुलगा पुस्तकासमोर बसून पानाच्या कडेला चौकटी काढत राहतो, त्या शाईनं भरतो, भरलेल्या चौकटींना सावल्या देतो. हे तोंडानं न दिलेले नकार आहेत. त्यांच्यावर खेकसून काहीही साधत नाही. एकदा शेजारी बसून विचारायला हवं की बाळा, तुला हे नकोच आहे का. असं विचारणारी माणसं ज्या घरात असतात तिथे हा शब्द फारसा ऐकू येत नाही.

माझ्या लहानपणी आमच्याकडे होळीला पुरण आत्या करायची, पाट्यावर. पुरणयंत्र घरात होतं, पण तिचा त्यावर विश्वास नव्हता. शिजलेली डाळ आणि गूळ आटवून गोळा झाला की तो गरम असतानाच वाटायचा. निवला की घट्ट होतो आणि वरवंटा ओढत नाही. ती पाट्यामागे पाय दुमडून बसायची. दोन्ही हातांनी वरवंटा पुढे ढकलायची, आणि पुढे जाताना तिचे खांदेही पुढे जायचे. मागे आणताना वरवंटा किंचित उचललेला. चार हात फिरले की बोटांनी कडेचं पुरण मधे ओढायचं. मग अंगठा आणि तर्जनीत चिमूटभर घेऊन चोळायचं. कण लागला तर पुन्हा. मला वाटायचं, एखादा कण राहिला तर काय बिघडलं? तिनं मला एकदा लाटताना दाखवलं. पोळी हलक्या हातानं मोठी होत होती आणि एका जागी अचानक पुरण वर आलं. तिनं त्या जागेवरचं पुरण बोटावर घेऊन मला दिलं. डाळीचा अख्खा अर्धा दाणा होता. “वाटताना कोण आलं गं दारात?” असं तिनं आईला विचारलं. दारात शेजारच्या काकू आल्या होत्या आणि तेवढा वेळ वरवंटा दुसऱ्या कुणाच्या हातात होता. त्या एका दाण्यावरून तिला एवढं सगळं वाचता आलं.

पण हीच आत्या दुपारी दोन ते चार माजघरात आडवी व्हायची आणि त्या वेळात घरात कुणी काही मागितलेलं तिला खपत नसे. ती पुरती झोपायची. हातात विणकाम नाही, कानावर रेडिओ नाही, उशाला पोथी नाही. विश्रांतीतही तिनं काही सांडू दिलं नाही. टंगळमंगळीचं खरं नुकसान मला इथे दिसतं. काम राहतं ते राहतंच, ते उद्या होईल, दुसरं कुणी करील. पण ज्या दुपारी झोपता आलं असतं, पडवीत नुसतं बसता आलं असतं, ओढ्यापर्यंत जाऊन येता आलं असतं, ती दुपार कामाच्या नावावर मांडून ठेवलेली असते. काम तिला घेत नाही आणि सुटीलाही ती परत मिळत नाही. आता तर फोन हातात असतो. लिहायला बसावं, दोन ओळी व्हाव्यात, अंगठ्यानं पडदा सरकवावा, कुणाच्या लग्नाचे फोटो, कुठल्या तरी घाटातला धबधबा, पुन्हा एक ओळ. तासाभरानं ना लेख झालेला असतो, ना तो धबधबा नीट पाहिलेला असतो.

रेंगाळणं हे याहून फार वेगळं आहे आणि त्याची बाजू घ्यायलाच हवी. देवळातून निघताना पायरीवर बसणारा माणूस रेंगाळतो. गावाला निघालेल्या लेकीची पिशवी भरताना आई रेंगाळते, लोणच्याची बरणी आधी एका कापडात गुंडाळते, मग ते सोडून दुसऱ्यात गुंडाळते. जेवण झाल्यावर हात वाळेपर्यंत पानावर गप्पा चालतात, तेही रेंगाळणंच. तिथे वेळ लागतो, पण माणूस ज्या जागी आहे त्याच जागी असतो, त्याला तिथून हलायचं नसतं. टंगळमंगळ करणारा कुठेच नसतो. त्याला खिडकी दिसत नाही, तो फक्त वहीपासून दूर असतो.

आत्यानं आम्हां मुलांना टंगळमंगळीवरून कधी बोल लावला नाही. ती मेथी निवडायला बसवायची. जुडी सोडून वर्तमानपत्रावर पसरलेली, एका बाजूला पानांची परात, एका बाजूला दांड्यांचा ढीग. पहिली दहा-बारा देठं नीट व्हायची. मग हात मंदावायचे, पानांबरोबर कोवळे न कोवळे सगळे दांडे परातीत जायला लागायचे, कुणी वर्तमानपत्रातलं चित्र बघायला लागायचं, कुणी दांड्यांची घरं बांधायला. ती थोडा वेळ बघायची आणि मग परात उचलून घ्यायची. “नाही ना करायचं? मग नका करू. जा, निजा नाहीतर हुंदडा. पण इथे बसून नको.” आवाजात राग नसायचा, शिक्षा म्हणून ती ते म्हणत नसे. आम्ही खरोखरच जायचो, चिंचेखाली तासभर खेळायचो, आणि तिनं आम्हाला पुन्हा हाक मारलेली मला आठवत नाही. पुष्कळदा ती एकटीच सगळी जुडी निवडायची. कधी कधी आमच्यातलं एखादं मूल आपणहून परत यायचं, घामेजलेलं, हातपाय धुऊन तिच्यासमोर बसायचं आणि परातीतले चुकून आलेले दांडे एकेक करून बाहेर काढायला लागायचं. आत्या पेपर थोडा त्याच्याकडे सरकवायची आणि निवडत राहायची.